हिऱ्यात साखर भरली

आमच्या घरात हिरा निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला द्राक्षं कळतात.

यात हसण्यासारखं काय आहे, ते त्या वेळी मला कळलं नव्हतं. वारूळवाडीत आमची बाग आहे, आणि मण्याकडे नुसतं बघून तो कुठं जाणार हे सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. हा मणी परदेशी जाईल, हा पुण्याच्या मंडईत, आणि हा आमच्या मंदाच्या मनुक्यांत. (मंदा म्हणजे आमची मंडळी. तिच्या नशिबी कायम मागे राहिलेलाच माल आला असं ती म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडेच का बघते कोण जाणे.) तेव्हा आमच्या निखिलचा साखरपुडा ठरला, नव्या सुनेच्या अंगठीत हिरा घालायचा विषय निघाला, आणि मी पुढं सरसावलो. हिरा म्हणजे तरी काय, गोल, चमकणारा, उन्हात धरला तर आरपार दिसणारा मणीच की. फक्त त्याला देठ नसतो.

निखिल चाकणला कंपनीत आहे. तो म्हणत होता, आम्ही दोघं रविवारी जाऊन घेतो. मला ते लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर घडातला एकेक मणी कात्रीनं विरळला, त्यानं घरात बसायचं आणि कंपनीत नटबोल्ट आवळणाऱ्या पोरानं हिरा निवडायचा? मंदा म्हणाली, जाऊ द्या की पोरांना, त्यांची अंगठी आहे. मी दोन वेळा जेवताना बोललो नाही. तिसऱ्या जेवणाला निखिलनं हात टेकले. त्याचं एवढंच म्हणणं होतं, की दुकानात जायच्या आधी सायलीला विचारा, तिला कशी पाहिजे ते.

सायली म्हणजे आमची होणारी सून. घोडेगावची, आणि गुरांची डॉक्टर. डॉक्टर सून येणार हे ऐकून भावकी जरा दबून गेली होती, पण गुरांची आहे म्हटल्यावर सगळ्यांना खरा आनंद झाला. माणसांचे डॉक्टर नारायणगावात पैशाला पासरी आहेत, गाय अडली की मात्र चार-चार फोन करूनही कोणी लवकर फिरकत नाही.

साखरपुड्याची तारीख पक्की करायला मी घोडेगावला गेलो, तेव्हा म्हटलं बोटाचं मापही घेऊन टाकू. शहाण्या माणसानं तिची एखादी जुनी अंगठी मागितली असती. माझ्या खिशात मणी मोजायची पट्टी होती. (बागाईतदाराच्या खिशात पेन नसेल, पण पट्टी असतेच.) प्लास्टिकची असते, तिला ओळीनं गोल भोकं, आणि प्रत्येक भोकाखाली मिलिमीटरचा आकडा. मणी भोकातून खाली पडला तर बारीक, अडकला तर माल पास. मी सायलीला म्हटलं, बेटा, बोट घाल. तिनंही काही विचारलं नाही, घातलं. अठराच्या भोकातून बोट सरळ आरपार गेलं. सोळाच्या भोकात गेलं, आणि पेरापाशी असं बसलं की मागं येईना.

आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "सोळा! एक्स्पोर्टला जाईल."

व्याही बशीत चहा ओतत होते. ते ओतायचे थांबले. विहीणबाई आतून खोबरेल तेल घेऊन आल्या, मी पट्टी ओढायला लागलो, व्याही मला धरायला लागले. एकटी सायली शांत होती. "अण्णा, ओढू नका. ओढलं की सूज येते. हात सैल सोडा," ती म्हणाली, अगदी हळू, समजुतीच्या आवाजात. मी हात सैल सोडला. मग ध्यानात आलं, की बोट तिचं अडकलंय आणि धीर ती मला देतेय. तिनं तेल लावून, पट्टी हलकेच गोल फिरवत काढली आणि पुसून माझ्या हातात दिली.

मी खजील होऊन विचारलं, अंगठी कशी पाहिजे. तेव्हा ती जे बोलली ते मी नीट ऐकलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

"अण्णा, माझ्या आईची अंगठी कायम डब्यात. लग्नकार्य आलं की बाहेर, ते झालं की परत डब्यात. मला तसं नकोय. माझा हात दिवसभर जनावरांत असतो, त्यावर हातमोजा चढतो. खडा बारीक असला तरी चालेल, पण चांगला असू द्या, आणि खाली बसवलेला. मला ती रोज घालायचीय."

मी म्हटलं, तू काळजीच सोड. आणि उठलो तो थेट जुन्नरला सलीमभाईकडे गेलो.

सलीमभाई हा माझा व्यापारी. मी पिकवतो आणि तो उचलतो, असं वीसेक वर्षं चाललंय. त्याच्याइतका मालातली खोट काढणारा माणूस आसपासच्या तालुक्यांत नसेल. बागेत आला की आधी दोन ओळी मुकाट चालतो. मग एक घड हातात घेतो, उन्हाकडे धरतो, आणि असा सुस्कारा टाकतो की घरात कोणी वारलंय असं वाटावं. मग सुरू होतो. कलर न्हाई, दत्ताभाऊ. मणी दबलाय. देठ सुकलाय. त्याच्या प्रत्येक खोटीला माझ्याकडे उत्तर तयार असतं, ते मी देतो, तो पुढची खोट काढतो, तास-दीड तास असं तोंडाला तोंड दिलं की सौदा होतो आणि आम्ही एका ताटात जेवतो. अशी आमची मैत्री आहे. तर माझ्या डोक्यात आलं, की वीस वर्षं या जिभेनं माझा माल पाडला, आता एकदा तिला माझ्या बाजूनं चालू दे. सराफ काय, समोर येईल तो हिरा विकायला बघणार. सलीमभाई खोट काढेल, मी चांगला तेवढा उचलीन. सायलीची अंगठी लाखात एक होईल. बेत वाईट नव्हता. अजूनही मला तो वाईट वाटत नाही.

नारायणगावच्या पेठेत आम्ही एका दुकानात शिरलो. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्यानं पाणी दिलं, चहा सांगितला, पट्टीतलं सोळाचं भोक बघून बोटाचं माप लिहून घेतलं (हसला नाही, हे त्याचे उपकार), आणि हिरा कसा बघायचा ते नीट समजावलं. हिऱ्याच्या चार गोष्टी बघायच्या, घडण, रंग, निर्मळपणा आणि वजन. रंग जितका पांढरा तितका बरा. आत डाग, रेषा नसाव्यात. पण सगळ्यात आधी घडण, कारण पैलू नीट पाडले असतील तर लहान हिरासुद्धा आत गेलेला उजेड सगळाच्या सगळा परत फेकतो. आणि घडण बिघडली असेल, तर कितीही मोठा हिरा मंदच दिसतो. आमच्याकडेही चारच बघतात, मी म्हटलं, साईज, कलर, साखर आणि टिकाऊपणा. सलीमभाईनं मान हलवली. दुकानदारानंही हलवली, जरा सावकाश.

मी त्याला सायलीचं काम सांगितलं. त्यानं लगेच एक हिरा काढून मखमलीवर ठेवला. पांढराशुभ्र, आणि घडण अशी की दुकानातला सगळा उजेड त्याच्यातच गोळा झालेला. म्हणाला, काका, हा खाली बसवून देतो, सोन्याच्या काठात, कुठं अडकायचा नाही, रोज घालायला याच्यापेक्षा चांगला माझ्याकडे नाही. मी तो तळहातावर घेतला. माझ्या तळहातावर कुऱ्हाडीचे, फावड्याचे घट्टे. त्यात तो हरवल्यासारखाच झाला.

"बारीक हाय," सलीमभाई म्हणाला.

"बारीक हाय," मीही म्हणालो. आमचं एकमत झालेला तो दिवसातला शेवटचा क्षण.

मी म्हटलं, मोठा दाखवा, आणि वरचा नको, खालचा दाखवा. टोमॅटोच्या बाजारात ज्यानं एक दिवस काढलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. क्रेटचा वरचा थर हा बघणाऱ्यासाठी असतो. खरा माल बघायचा तर हात खाली घालावा लागतो. दुकानदार म्हणाला, काका, यात वर-खाली काही नसतं. मी त्याच्याकडे बघून डोळा बारीक केला. मी चौकशीच थांबवेना, तेव्हा तो आत गेला आणि एक हिरा घेऊन आला. चांगला टपोरा होता. पण सांगताना त्यानं स्वतःच सांगितलं, की यात पिवळसर झाक आहे, आत एक डाग आहे, घडण थोडी खोल गेलीय, म्हणून हा उंच नख्यांवरच बसवावा लागेल, आणि तुमच्या सूनबाईंच्या कामाला हा चालणार नाही.

आता स्वतःच्या मालाला स्वतःच नावं ठेवणारा विक्रेता मी जन्मात पाहिला नव्हता. याचा अर्थ माझ्या मते एकच निघत होता, की त्याला हा हिरा कोणाला द्यायचाच नाही. झालं. मला तोच हवासा वाटायला लागला.

दुकानातल्या दिव्यांवर भरवसा न ठेवता आम्ही हिरा बाहेर पायरीवर उन्हात आणला. दुकानदार तबक घेऊन मागोमाग आला, खाली पडला तर झेलायला. सलीमभाईनं हिरा चिमट्यात धरला, उन्हाकडे नेला, आणि सुस्कारा टाकला.

तो सुस्कारा ऐकला आणि माझ्या आत काहीतरी उलटं फिरलं.

"दत्ताभाऊ, पिवळट हाय."

"पिवळट न्हाई. साखर भरलीय त्याला."

"आत डाग हाय."

"ऊन लागल्याचा हाय. खायला काय फरक पडत न्हाई." (हिरा खात नाहीत, हे त्या क्षणी आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं.)

"लई उंच व्हतंय."

"उंच हाय म्हनून तर लांबनं दिसतो."

मी कोणाचा हिरा राखत होतो, का राखत होतो, काही विचारू नका. सलीमभाईनं खोट काढली की ती खोडायची, एवढंच माझ्या अंगात भिनलेलं. शेजारच्या कापडवाल्यानं खुर्च्या आणून दिल्या. दुकानदार एकदा म्हणाला, "काका, हे बरोबर बोलतायत." मी त्याला गप्प बसवलं. म्हटलं, तुम्ही मधे पडू नका, या माणसाला मी वीस वर्षं ओळखतो, याला चांगलं दिसतच नाही. आता मागं वळून बघतो तेव्हा कळतं, की त्या दिवशी सलीमभाईनं काढलेली एकेक खोट खरी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं खरं सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच मी ऐकलं नाही.

मग त्यानं ठेवणीतला डाव टाकला. हिरा तबकात ठेवला, हात झटकले, "परवडत न्हाई राव, निघतो," म्हणाला आणि मोटारसायकलीकडे चालायला लागला. हा डाव तो दर हंगामात टाकतो. मला तो पाठ आहे. पण पाठ असून काय उपयोग? माल तयार उभा आहे, आभाळ भरून आलंय आणि व्यापारी गाडीला किक मारतोय, या दृश्यापुढं मी आजवर दरवेळी हरलो, तसाच त्या दिवशी हरलो. मी पायऱ्या उतरून धावलो, गाडीचं हँडल धरलं आणि ओरडलो, "दिला! जा, घेऊन जा, दिला!"

दुकानदार पायरीवरून म्हणाला, "काका, पण घेणारे तुम्हीच ना?"

सलीमभाईनं गाडी बंद केली, उतरला, माझ्या हातात हात दिला. "आत्ता कसं बोललात," म्हणाला. सौदा झाल्यावर चेहऱ्यावर येतं ते समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं आणि माझ्याही. मी उंच नख्यांवर अंगठी करायला सांगितली. मग आम्ही मिसळ खाल्ली. त्यानं मला म्हटलं, माल चांगल्या भावात गेला तुमचा. मी त्याला म्हटलं, तुम्हालाही काही वाईट पडला नाही. आमच्यापैकी नक्की कोणी काय विकत घेतलं, हा प्रश्न दुसरी तर्री संपेपर्यंत कोणालाच पडला नाही.

अंगठी घरी आली तेव्हा मंदानं हौसेनं बोटात घातली. ती आधी तिच्या पदरात अडकली आणि चांगला धागा ओढून निघाली. मग टॉवेलात अडकली. अडकायचं काय, नवी आहे, बसेल हळूहळू, असं म्हणत मी ती करंगळीत अडकवली, कपाळावरची माशी हाकलली आणि अंगठी माझ्या कानटोपीत गुंतली. टोपी डोक्यावर, अंगठी टोपीत आणि बोट अंगठीत. मंदाला कात्री आणावी लागली. कात्री चालवताना ती एवढंच म्हणाली, की पोरीनं खाली बसवलेली सांगितली होती ना? मी म्हटलं, कात्री जपून चालव.

शनिवारी निखिल आला. मी डबी उघडून समोर धरली. तो रागावला असता तर बरं झालं असतं, मी त्याहून मोठ्यानं रागावून मोकळा झालो असतो. त्यानं खाली बसून उंच नख्यांवरून अंगठा फिरवला. "अण्णा, ही डब्यात जाणार," म्हणाला. बस, एवढंच. मी त्याला हिऱ्याच्या चकाकीबद्दल दोन शब्द सांगायला सुरुवात केली, पण ते माझ्याच कानाला खोटे लागले. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, तीही स्पष्ट शब्दांत, आणि मी तिच्या आईच्याच अंगठीची बहीण घेऊन आलो होतो. मला लाज वाटली. लाज वाटली की मी स्वस्थ बसू शकत नाही, म्हणून सोमवारी सकाळी सलीमभाईला गाडीवर मागं घेतलं आणि घोडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन उभा राहिलो. त्याला का नेलं? सौद्यात तोही होता.

दवाखान्यासमोर खोड्यात एक म्हैस उभी होती, आणि सायलीच्या हातात खांद्यापर्यंतचा लांब प्लास्टिकचा हातमोजा होता. मी डबी पुढं केली. तिनं हात धुतले, पुसले, अंगठी घातली, चार दिशांना हात फिरवून बघितला. "छान आहे, अण्णा. लई चमकते," म्हणाली. ती इतकं चांगुलपणानं म्हणाली, की मला राहवेना. मी म्हटलं, आता हातमोजा घालून बघ. ती नको म्हणत होती. मी हट्टाला पेटलो. तिनं हातमोजा चढवला आणि बोटापाशी येताच तो टर्रकन फाटला. मी म्हटलं, तो मोजाच जुना असेल. तिनं नवा काढला. तोही फाटला. म्हशीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. म्हशीचा मालक पुढं आला आणि कळवळून म्हणाला, डॉक्टर, ही अंगठी घालून माझ्या म्हशीला हात लावू नका हं.

सायलीनं अंगठी काढली, डबीत ठेवली आणि डबी हळूच मिटली. "राहू द्या, अण्णा. सणाला घालीन," म्हणाली.

मोठ्या आवाजात कोणी चार शब्द सुनावले असते तर मला चाललं असतं. पण सणाला घालीन हे ती हसत म्हणाली आणि मी डबी परत घेतली.

"सणाला न्हाई," मी म्हटलं. "रोज घालायची म्हनाली व्हतीस ना? मग रोजच घालशील. चुकलं माझं, पोरी. आता तूच निवड, मी एक शब्द बोलणार न्हाई."

"मी तर पयल्यापासून सांगत व्हतो, पिवळट हाय," सलीमभाई मागून म्हणाला.

रविवारी सगळे पुन्हा नारायणगावला निघालो. निखिल, सायली, मंदा, मी आणि सलीमभाई. (त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, माल बदलून घेताना व्यापारी हजर पाहिजे.) दुकानदारानं आम्हा दोघांना पायरी चढताना काचेतून पाहिलं आणि त्याचा हात आपोआप तबकांकडे गेला, झाकायला. सायलीनं ते बघितलं. ती वळली आणि त्याच हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाली, अण्णा, सलीमकाका, तुम्ही समोर रस घ्या निवांत, आम्ही आलोच. त्या आवाजाला म्हैस ऐकते, तिथं आमची काय कथा. आम्ही रस्ता ओलांडून रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो.

तिथून काचेतून सगळं दिसत होतं. दुकानदारानं भिंग दिलं, तिनं एकेक हिरा भिंगाखाली धरून सावकाश बघितला. मग मुठीच्या मागच्या बाजूला ठेवून बघितला. मधूनच काहीतरी विचारत होती, दुकानदार मन लावून सांगत होता. त्याला कोणीतरी बोलू देतंय याचं त्याच्या चेहऱ्यावर सुख दिसत होतं.

"बारीक घेतीय ती," सलीमभाई म्हणाला.

"बारीक असंल, पन घडण बघा," मी म्हटलं. रस्त्याच्या या बाजूनं, मधून ट्रक जात असताना.

"कलर न्हाई."

"पांढरा फेक हाय. तुमची नजर कमी झाली."

ती तिघं बाहेर आली, तोवर आमचा सौदा एकदा मोडून पुन्हा जुळत आला होता. सायलीनं तोच निवडला होता, जो दुकानदारानं पहिल्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तळहातावर ठेवला होता. मोठा हिरा त्यानं काहीही खळखळ न करता परत घेतला, उलट तो परत आल्याचं दुःख त्यालाच जास्त झालं असावं. खाली बसवलेली अंगठी तयार झाली तेव्हा सायलीनं ती दुकानातच बोटात घातली, पर्समधून हातमोजा काढून वर चढवला, मूठ उघडली, मिटली, मोजा काढला. मोजा धड होता. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पायरीवर येऊन हात उन्हात धरून आम्हाला दाखवला. सलीमभाईनं बराच वेळ बघितलं. मी त्याच्या सुस्काऱ्याची वाट बघत होतो. तो आला नाही.

साखरपुड्याला निखिलनं ती तिच्या बोटात घातली आणि मंडपाच्या दिव्यांखाली त्या एवढ्याशा खड्यानं जो उजेड टाकला, तो मागच्या रांगेतल्या माणसांनाही दिसला. दुसऱ्या दिवशी ती बोटात घालूनच सायली एका गाईच्या बाळंतपणाला गेली, असं निखिल सांगत होता. मला इतकं बरं वाटलं की मी ते गावात चारचौघांना सांगितलं, गाईचं नाव विचारून घेऊन.

पण त्याआधी, साखरपुड्याच्या जेवणातच, माझ्या बहिणीनं सायलीचा हात हातात घेऊन विचारलं, की एवढा चांगला हिरा निवडला कोणी गं? मी पंगतीत वाढत होतो. श्रीखंडाचं भांडं खाली ठेवलं आणि नम्र दिसेल अशा बेतानं मान खाली घातली.

"अण्णांनी आणि सलीमकाकांनी," सायली म्हणाली. "ते दोघं बाहेर बसले, म्हणून जमलं."

पंगत हसली. सलीमभाईही हसला, आणि मी त्याच्या ताटात श्रीखंड वाढलं नाही. पण बोललेलं गावभर झालं. आता वारूळवाडीत कोणाच्या घरी अंगठी घ्यायची निघाली, की मला आवर्जून बोलावणं येतं. गाडीत पुढची सीट देतात, वाटेत चहा पाजतात, वडीलधारा म्हणून मान देतात. मग दुकान आलं की मला रसवंतीच्या बाकावर बसवतात आणि आत जातात. जाणकार माणूस बाहेर असला की काळजी नसते, म्हणतात.